उद्याचे तारण, आजचा नायक

कोणत्याही सामुदायिक उद्योगात, मग तो राज्यकारभार असो, नाटक मंडळी असो, सहकारी संस्था असो वा खेळाचा संघ असो, एक क्षण असा येतो की कारभाऱ्यांसमोर एक असामान्य माणूस उभा असतो, त्याचे मोल संस्थेच्या आजच्या ऐपतीबाहेरचे असते, आणि ते भागवायचे तर उद्याच्या उत्पन्नावर आजच बोजा चढवावा लागतो. अशा वेळी निर्णय बहुधा उत्साहाच्या भरात होतो, आणि त्याचा हिशेब मात्र पुढे कित्येक वर्षे चुकता करावा लागतो. म्हणून हा सौदा कोणत्या अटींवर रास्त ठरतो आणि कोणत्या अटींवर तो निव्वळ उधळपट्टी होतो, हे लिलावाचा हातोडा पडण्यापूर्वीच, शांत चित्ताने, एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात या प्रश्नाला अगदी सोलीव रूप आलेले आहे. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, चेंडू कोणाकडे फेकावा याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत करावा लागतो, आणि ज्या संघाला दहा-बारा वर्षे पुरेल असा क्वार्टरबॅक लाभला त्याचे दैव उघडले असे तेथील रसिक समजतात. तेथल्या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत; महाविद्यालयांतून बाहेर पडणारे नवे खेळाडू ते दरवर्षी सात फेऱ्यांत निवडून घेतात, आणि मागल्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्याला निवडीचा पहिला मान मिळतो, अशी तेथील वहिवाट आहे. निवडीचा हा हक्क म्हणजे एक प्रकारची मिळकतच होय. तो विकता येतो, बदलता येतो, आणि यंदाचाच नव्हे तर पुढल्या दोन-तीन वर्षांचाही हक्क आजच दुसऱ्याच्या नावे करून देता येतो. असा एखादा क्वार्टरबॅक मिळवण्यासाठी ज्या संघांनी आपले उद्याचे हक्क असे लिहून दिले, त्यांच्या कथा त्या देशात आपल्याकडील जमीनजुमल्याच्या दाव्यांइतक्या चवीने चघळल्या जातात.

त्यांपैकी तीन येथे पुरेशा आहेत. वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ साली दुसऱ्या क्रमांकाच्या एका निवडीसाठी तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि शिवाय दुसऱ्या फेरीचा एक हक्क सेंट लुईसच्या संघाला दिला, व रॉबर्ट ग्रिफिन हा तरुण मिळवला. पहिल्या हंगामात तो तळपला. जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा दुखावला. २०१६ साली संघाने त्याला सोडून दिले. क्लीव्हलँडने २०२२ साली डेशॉन वॉटसन याच्यासाठी तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क दिले, वर पाच वर्षांच्या २३ कोटी डॉलरांची संपूर्ण हमीही दिली, आणि २०२३ च्या हंगामात तो सहा सामने, तर २०२४ मध्ये सात सामने खेळू शकला. याउलट लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने २०२१ साली दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क, तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि आपला तोवरचा क्वार्टरबॅक देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड याला आणले, व फेब्रुवारी २०२२ मध्ये अजिंक्यपद जिंकले. पुढल्याच हंगामात मात्र १७ सामन्यांपैकी त्यांना पाचच जिंकता आले. एकच व्यवहार, तीन निकाल. तेव्हा व्यवहार मुळातच वाईट असे म्हणून मोकळे होता येत नाही, आणि जिंकला तो शहाणा असे म्हणणेही न्यायाचे नाही.

हा सारा मामला सातासमुद्रापलीकडचा. त्याची उठाठेव कर्जत-खालापूरच्या माणसाने का करावी, अशी शंका वाचकाला येईल. तिचे उत्तर कबड्डीत आहे. ज्या रायगड जिल्ह्यात गावोगावच्या मंडळांचे संघ असतात, ज्या तालुक्यांत भाताची झोडणी आटोपली की मैदाने आखली जातात आणि कडाव, कशेळे, चौक, खोपोलीच्या पंचक्रोशीत चढाई आणि पकड यांची चर्चा राजकारणाच्या खालोखाल होते, त्या भागाला नायकाच्या मोलाचा प्रश्न परका नाही. हुतूतूला नियमांची चौकट महाराष्ट्रातच मिळाली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या देशी खेळाचे प्रात्यक्षिक केले. शंकरराव साळवींसारख्या कार्यकर्त्याने, ज्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस आज कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, आपले आयुष्य या खेळाच्या संघटनेत वेचले. आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. तरीही बराच काळ चांगल्या कबड्डीपटूचे मोल नोकरीच्या रूपाने दिले जाई. बँका, रेल्वे, पोलीस दल आणि मुंबईतल्या कंपन्या त्याला कामावर घेत, आणि मोबदल्यात त्या त्या गावच्या मंडळाला अभिमानाखेरीज फारसे काही मिळत नसे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचा जाहीर लिलाव होऊ लागला. त्या पहिल्या लिलावात राकेश कुमारसाठी लागलेली १२ लाख ८० हजारांची बोली सर्वांत मोठी ठरली होती. नऊ वर्षांत, म्हणजे २०२३ साली, हाच उच्चांक २ कोटी ६० लाख ५० हजारांवर जाऊन पोचला.

आपल्या लीगमध्ये निवडीचे हक्क गहाण टाकता येत नाहीत, हे खरे. येथे तारण ठेवले जाते ते निराळ्या रूपाने. प्रत्येक संघाला खर्चाची एक कमाल मर्यादा घालून दिलेली असते, आणि अख्खा ताफा तिच्यातच बसवावा लागतो. २०२३ साली ही मर्यादा ५ कोटींची होती. म्हणजे एका माणसासाठी लावलेला प्रत्येक रुपया हा दुसऱ्या कोणा कोपरारक्षकाच्या, मध्यरक्षकाच्या किंवा अठरा-वीस वर्षांच्या होतकरू मुलाच्या वाट्यातून वजा झालेला असतो. तेलुगू टायटन्सने त्या वर्षी पवन सेहरावत या चढाईपटूसाठी जी विक्रमी बोली लावली, तिने त्यांची निम्म्याहून अधिक थैली एका क्षणात रिती केली. पवन हा अव्वल दर्जाचा खेळाडू आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आणि तरीही तो हंगाम संपला तेव्हा २२ पैकी केवळ दोन सामने जिंकलेला त्याचा संघ तक्त्याच्या तळाशी होता.

त्याच पवनच्या वाटचालीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सापडतात. २०१८ च्या लिलावात सहा खेळाडू कोटीच्या घरात गेले; सर्वांत महाग मोनू गोयत, १ कोटी ५१ लाख. त्या सहांत पवनचे नाव नव्हते. परंतु त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात, जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत, चढाईचे २२ गुण एकट्याने मिळवून बेंगळुरू बुल्सला जिंकून दिले ते पवननेच. मोनू गोयतचा हरियाणा स्टीलर्स बाद फेरीपर्यंतही पोचला नव्हता. पुढे २०२२ साली तमिळ थलैवाजने पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले, आणि हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावून तो वर्षभरासाठी बाहेर गेला. आता संघ बुडाला, असे सर्वांनी धरले असताना नरेंदर नावाच्या एका नवख्या मुलाने चढाईची धुरा उचलली, आणि तोवर कधीही बाद फेरी न पाहिलेला तो संघ उपांत्य सामन्यापर्यंत जाऊन पुणेरी पलटणकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. ज्याच्यासाठी तिजोरी रिकामी केली तो नसताना जे घडले, ते पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात तो असतानाही घडले नाही. या विसंगतीचा अर्थ लावल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाईची कथाही याच अंगाने पाहावी. यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवल्यावर २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. ती त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली होती. यू मुंबात असताना त्याच्या पाठीशी फझल अत्राचलीसारख्या कर्णधाराचा खंबीर बचाव होता. टायटन्सकडे तसा आधार नव्हता. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचा एक हंगाम जवळजवळ वाया गेला, आणि तो संघ ओळीने तीन हंगाम तळाशी राहिला. यात खेळाडूचा अपराध काडीचाही नाही, कारण खेळाडूने मिळेल ते मोल घ्यावे, त्याचे खेळण्याचे वय थोडे आणि शरीर नाजूक. अपराध असलाच तर तो मोल ठरवणाऱ्यांच्या अदमासाचा आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडले पाहिजे, कारण दुबळे करून खोडलेला पक्ष हा खोडलेला नसतोच. प्रतिपक्ष म्हणेल की, नायक हा सिद्ध असतो आणि होतकरू हा केवळ संभाव्य असतो. दहा होतकरूंपैकी आठ कालांतराने विस्मरणात जातात, मग त्या अनिश्चित दहांसाठी निश्चित एक का सोडावा? शिवाय खेळ हा आजचा असतो. विजयाचा एक क्षण पुढल्या तीन वर्षांच्या सुरक्षित सामान्यपणापेक्षा मोलाचा नाही काय? आणि दाखला हवा असेल तर तो मोहम्मदरेझा शादलुई याचा घ्यावा. या इराणी बचावपटूला पुणेरी पलटणने २०२३ साली २ कोटी ३५ लाखांना घेतले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून आपले पहिले अजिंक्यपद मिळवले. पुढच्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना नेले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे नमवून तेही प्रथमच विजेते झाले. सलग दोन हंगाम तो जेथे गेला तेथे चषक आला. मग नायकाचे मोल फुगवलेले आहे हे कोण म्हणतो?

हा दाखला वजनदार आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचला पाहिजे. शादलुई पुण्याला आला तेव्हा तेथे काय होते? अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी लहान वयात हेरलेली, बेताच्या मोलात घेतलेली आणि काही हंगाम एकत्र खेळवून मुरवलेली पोरे तेथे होती. युवा पलटण या नावाने नव्या मुलांना घडवण्याची एक स्वतंत्र व्यवस्था त्या संघाने उभी केलेली होती. आणि शादलुई येण्यापूर्वीच, डिसेंबर २०२२ मध्ये, हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून चारच गुणांनी हरला होता. चषक आणि संघ यांच्यात जे थोडेसे अंतर उरले होते, ते या एका माणसाने भरून काढले. तो गेल्यानंतरही ऑक्टोबर २०२५ मध्ये पुणेरी पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. म्हणजे त्याला आणताना त्यांनी घरातले धान्य संपवलेले नव्हते. हरियाणाची गोष्टही निराळी नाही; ज्या अंतिम सामन्यात शादलुई त्यांच्याविरुद्ध खेळला तो सामना त्यांनी तीनच गुणांनी गमावला होता. शादलुईने दोन्ही ठिकाणी जिंकून दिले ते जवळजवळ उभ्या असलेल्या संघांना, आणि पवनकडून अपेक्षा करण्यात आली ती अजून पायाही न भरलेल्या संघाला उभे करण्याची.

हा फरक केवळ योगायोगाचा नाही. तो कबड्डीच्या नियमांतच गोवलेला आहे. चढाईपटू तीस सेकंद एकटा सात जणांच्या गोटात शिरतो, त्यामुळे सर्वांची नजर त्याच्यावर खिळते व सर्व श्रेय त्याच्याकडे वाहत जाते. परंतु एकदा का तो पकडला गेला की तो मैदानाबाहेर बसतो, आणि त्याच्या साथीदारांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केल्याखेरीज तो आत येऊ शकत नाही. दोन कोटींचा चढाईपटू बाहेर बसलेला आहे आणि आत उरलेल्यांना पकड साधत नाही, असा देखावा ज्याने पाहिला असेल त्याला नायकाच्या परावलंबित्वाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. अमेरिकन क्वार्टरबॅकही असाच, समोर उभ्या असलेल्या पाच धिप्पाड रक्षकांच्या भिंतीवर अवलंबून. ती भिंत खचली की त्याचे सारे बुद्धिचातुर्य जमिनीवर आडवे होते. नायकाचे मोल हे म्हणून त्याच्या अंगभूत गुणांइतकेच त्याच्या साथीदारांच्या गुणांवर ठरते. ज्याला आणण्यासाठी साथीदारांचाच पैसा खर्ची घातला, त्याचे मोल त्या खर्चानेच कमी होते. लिलावात बोली लावणारा नेमके हेच विसरतो. तो दुसऱ्या संघात तळपलेला माणूस पाहतो, आणि त्या दुसऱ्या संघाला मात्र आपल्या हिशेबातून वगळतो.

राहिला प्रश्न निश्चित एक की अनिश्चित दहा हा. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी, ज्यांपैकी थेलर यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, फुटबॉलमधील निवडीच्या हक्कांचा बारकाईने हिशेब करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांचे एक अनुमान असे की, एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडल्या गेलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला हा नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीच्या कौलापेक्षा किंचितच अधिक असते. हे अनुमान प्रथमदर्शनी प्रतिपक्षाच्या बाजूचे वाटते, कारण निवड जर जुगारच असेल तर निवडीचे हक्क देऊन टाकण्यात काय गेले? परंतु त्यातून निघणारा व्यवहारी सिद्धांत नेमका उलट आहे. पारख जर इतकी बेभरवशाची असेल, तर शहाण्याने एका पारखेवर सर्वस्व लावू नये; त्याने संधींची संख्या वाढवावी. थलैवाजच्या नरेंदरला पाहून कोणी ज्योतिष वर्तवले नव्हते. तो ताफ्यात होता, एवढ्यानेच संघ तरला.

तथापि संधींची संख्या म्हणजेच सर्व काही, असेही मानू नये, आणि येथे माझ्या पक्षाविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती मी नमूद करतो. वॉशिंग्टनचे सारे हक्क ज्या सेंट लुईसला मिळाले, तो संघ २०१२ ते २०१५ या चारही हंगामांत जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच सामने अधिक मोजत राहिला. याउलट १९८९ साली हर्शेल वॉकर हा एक धावपटू मिनेसोटाला देऊन त्या बदल्यात पाच खेळाडू व निवडीचे अनेक हक्क घेणाऱ्या डॅलसने १९९२ पासूनच्या चार हंगामांत तीन अजिंक्यपदे मिळवली. हक्क दोघांनाही मिळाले. पीक एकालाच आले. बियाणे घरात असणे ही पहिली अट असली, तरी राब भाजणारा, आवण राखणारा आणि लावणीला वेळेवर उतरणारा कोणी हवा, ही दुसरी अट तितकीच खरी आहे.

बियाण्याचा उल्लेख आला तो कर्जतच्या माणसाला उसना घ्यावा लागत नाही. हा भाताचा मुलूख आहे. १९१९ पासून येथे भात संशोधनाचे केंद्र आहे, आणि कर्जत-३, कर्जत-७ अशा जाती तालुक्याचे नाव घेऊन कोकणभर पेरल्या गेल्या. एक जात सिद्ध होण्यासाठी कित्येक हंगाम निवड, लागवड आणि पुन्हा निवड करीत राहावे लागते, हे येथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कणगीतले बियाण्याचे भात खाण्याच्या भातापासून वेगळे का ठेवायचे, हेही त्याला कोणी शिकवलेले नाही. परंतु त्याच शेतकऱ्याच्या पूर्वजांना आषाढ-श्रावणात खावटीसाठी सावकाराच्या दारी उभे राहावे लागे, आणि पावसाळ्यात घेतलेले भात सुगीला सवाईने किंवा दिढीने परत करावे लागे. दिढी म्हणजे काही महिन्यांच्या मुदतीवर शेकडा पन्नास. त्या दराला आपण पिळवणूक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. आता मॅसी व थेलर यांचे दुसरे अनुमान ऐकावे: अमेरिकन संघ यंदाचा एक हक्क मिळवण्यासाठी पुढल्या वर्षीचा जो वरचा हक्क देऊन टाकतात, त्यांतील तफावतीचा हिशेब केला तर वर्षाचा व्याजदर शेकडा शंभराहून अधिक पडतो. आमचा ठाकूर-कातकरी भुकेपोटी दिढी कबूल करीत होता. तेथले अब्जाधीश मालक हौसेपोटी तसलेच सावकारी व्याज मान्य करतात.

असे का होते, याचे उत्तर मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. खावटी घेणाऱ्याला ठाऊक असे की सुगीला खळ्यावर उभे राहून भात मोजून देणारा आपणच आहोत. तो नाइलाजाने कर्ज काढी, पण डोळे उघडे ठेवून काढी. संघाच्या कारभाऱ्याचे तसे नसते. वॉशिंग्टनने २०१२ चा सौदा केला तेव्हा माइक शनहान हे प्रशिक्षक होते. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना निरोप देण्यात आला. आणि त्या सौद्याचा अखेरचा हप्ता, म्हणजे २०१४ च्या पहिल्या फेरीचा हक्क, मे महिन्यात सेंट लुईसला गेला तेव्हा प्रशिक्षकपदी दुसरेच होते. संघाच्या दुर्दशेमुळे तो हक्क थेट दुसऱ्या क्रमांकाचा निघाला. म्हणजे अपयशाने कर्ज आणखी महाग केले. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा, अशी व्यवस्था असली की व्याजाचा दर कोणी विचारीत नाही. जो आज टाळ्या घेणार आणि उद्या येथे नसणार, त्याला उद्याची किंमत शून्य वाटते. हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून त्याच्या मुदतीचा दोष आहे.

म्हणून कर्जतच्याच इतिहासातला एक जुना प्रयोग येथे आठवतो. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना हा तालुका भाई कोतवाल म्हणून ओळखतो आणि जे २ जानेवारी १९४३ रोजी हिराजी पाटलांसह सिद्धगडावर हुतात्मा झाले, त्यांनी भूमिगत लढ्यात उतरण्यापूर्वी या तालुक्यातील गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या होत्या. अशा कोठीचे सामर्थ्य केवळ स्वस्त धान्यात नसते. घेणारे, फेडणारे आणि कोठी राखणारे एकाच गावचे असतात, एकमेकांच्या डोळ्यांसमोर असतात, आणि आज अधिक उचलले तर पुढल्या पावसाळ्यात आपलेच पोर उपाशी राहील हे प्रत्येकाला ठाऊक असते. उचल करण्याला तेथे बंदी नसते. उचल करणाऱ्याला विस्मरणाची मुभा मात्र नसते.

ही कसोटी मोठ्या लीगपुरती नाही. जेथे आयोजकांचे नियम सैल असतात तेथे गावोगावची मंडळेही हाच सौदा लहान प्रमाणावर करताना दिसतात: वर्षभराच्या वर्गणीचा मोठा हिस्सा एका स्पर्धेसाठी बाहेरून आणलेल्या चढाईपटूवर खर्च होतो, ज्या पोरांनी पावसाळाभर चिखलात सराव केला ती राखीव म्हणून बसतात, चषक आला तर मिरवणूक निघते, न आला तर पाहुणा आपल्या गावी जातो, आणि पुढल्या वर्षी सरावाला येणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर येते. ज्या कार्यकारिणीने हा खर्च मंजूर केला तिची मुदत तोवर संपलेली असते. दफ्तरी चषकाची नोंद राहते. सराव सोडून खोपोलीच्या कारखान्यात किंवा लोकलने मुंबईला गेलेल्या त्या मुलांची नोंद कोठेही राहत नाही. चषकाची खरी किंमत त्या न लिहिलेल्या पानावर असते.

तेव्हा नायक आणावा की न आणावा, याचा सरसकट फैसला मी देत नाही; तीन अटी मात्र घालतो. पहिली, संघ आजच विजयाच्या उंबरठ्याशी पोचलेला असावा, कारण एका माणसाने भरून निघते ते अंतर थोडे असते. दुसरी, जे द्यायचे ते शिलकीतले असावे. त्याने घरची पोरे घडवण्याची व्यवस्था एका हंगामासाठीही बंद पडू नये. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्यांच्या सहीने उद्याचा बोजा चढतो, तो फिटेपर्यंत त्यांनी जबाबदारीच्या जागी राहावे, आणि राहता येत नसेल तर सहीच करू नये. पहिल्या दोन अटी शहाणपणाच्या आहेत; तिसरी सचोटीची आहे, आणि सचोटी असली की शहाणपण बहुधा मागोमाग येते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती इतकीच की, या वर्षी बाहेरच्या खेळाडूसाठी पैसे मोजण्यापूर्वी त्यांनी सभेच्या इतिवृत्तात दोन आकडे शेजारीशेजारी लिहावेत: त्या खेळाडूला द्यायची रक्कम, आणि तेवढ्याच रकमेत गावातल्या किती मुलांना वर्षभराचा प्रशिक्षक, आहार आणि मॅट मिळू शकते ती संख्या. दोन्ही आकडे वाचून ज्यांना ठराव मंजूर करायचा असेल त्यांनी तो जरूर करावा, पण त्याखाली आपली नावे स्पष्ट अक्षरांत लिहावीत, आणि तीन वर्षांनी ते इतिवृत्त पुन्हा सभेपुढे वाचले जाईल असाही ठराव त्याच बैठकीत करून ठेवावा.